स्टिकरखाली निघाला दुसराच क्रमांक : क्विक चेंज टूल पोस्टच्या खरेदीत झालेली फसवणूक

छोट्या लेथसाठी क्विक चेंज टूल पोस्ट (लेथवर कापण्याचे टूल पकडून ठेवणारा आणि ते झटपट बदलू देणारा भाग) मागवण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. कडक केलेल्या पोलादाचा, वेज प्रकारचा टूल पोस्ट देतो असे सांगून माझ्याकडून साडेचौदा हजार रुपये घेण्यात आले. प्रत्यक्षात आला तो पिस्टन प्रकारचा आणि बिडाचा. तक्रार केल्यावर पैसे परत करण्याच्या बहाण्याने माझ्या खात्यातून आणखी रक्कम काढण्याचाही प्रयत्न झाला.

मी अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरची संत्र्याची बाग आहे आणि गोठ्याशेजारच्या खोलीत 250 मिमी स्विंगचा (म्हणजे तेवढ्या व्यासापर्यंतचे काम फिरवता येणारा), सिंगल फेजवर चालणारा लेथ आहे. फवारणी पंपाचे बुश, पुलीचे बोअर, ट्रॅक्टरच्या अवजारांच्या पिना अशी घरची आणि शेजाऱ्यांची कामे त्यावर हौसेने करतो. मशीनसोबत आलेला चौकोनी टूल पोस्ट चांगला असला, तरी त्यात दर वेळी टूल बदलताना खाली पत्र्याच्या पट्ट्या घालून टूलचे टोक सेंटरच्या उंचीला आणावे लागते. टर्निंग, फेसिंग, बोरिंग आणि शेवटी पार्टिंग (तयार तुकडा कापून वेगळा करणे) असे चार टूल एका बुशला लागत असतील, तर प्रत्यक्ष कापण्यापेक्षा पट्ट्या लावण्यातच अधिक वेळ जातो. क्विक चेंज टूल पोस्टमध्ये प्रत्येक टूलला स्वतंत्र होल्डर असतो, त्यावरील चाकीने उंची एकदाच लावून ठेवायची असते आणि पुढे हँडल फिरवले की होल्डर सुटतो किंवा बसतो.

आमच्याकडे ही वस्तू दुकानात जाऊन, हातात धरून घेता येत नाही. वरुडात ती मिळतच नाही, आणि नागपूर-अमरावतीच्या ज्या दुकानांत मी चौकशी केली, तेथे मोठ्या लेथचे चौकोनी टूल पोस्टच दाखवले गेले. साहजिकच मोबाइलवरील व्हिडिओ आणि फोटो यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि फसवणाऱ्यांना ग्राहकाची ही अडचण नेमकी ठाऊक असते.

या टूल पोस्टचे क्रमांक जगभर जवळपास सारखेच वापरले जातात. माझ्या मापाच्या लेथला जो एएक्सए, म्हणजे 100 मालिकेचा टूल पोस्ट लागतो, त्यात पिस्टन प्रकाराला 250-100 आणि वेज प्रकाराला 250-111 हा क्रमांक असतो. त्याहून मोठ्या बीएक्सए मापात हेच क्रमांक 250-200 आणि 250-222 असे होतात. पिस्टन प्रकारात पोस्टवरील डव्हटेल (होल्डर ज्यावर अडकतो तो तिरप्या बाजूंचा भाग) जागचे हलत नाही. हँडल फिरवल्यावर आतला कॅम मधल्या पिस्टनला बाहेर ढकलतो, होल्डर पोस्टपासून दूर रेटला जातो आणि डव्हटेलच्या तिरप्या बाजूंवर अडकून घट्ट होतो. वेज प्रकारात डव्हटेलची पट्टी स्वतःच उतरत्या खाचेत वर-खाली सरकते आणि होल्डरला पोस्टच्या सपाट तोंडाकडे ओढून घेते, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकतात. चांगला बनवलेला पिस्टन प्रकारचा पोस्टही समाधानकारक काम देतो, त्याला मी नावे ठेवत नाही. मात्र होल्डर काढून पुन्हा बसवल्यावर तो नेमका त्याच जागी यावा आणि पार्टिंग करताना टूल थरथरू नये, यासाठी वेज प्रकार अधिक भरवशाचा मानला जातो व त्याची किंमतही जास्त असते. मी जास्तीची किंमत मोजली ती त्यासाठीच.

विक्रेत्याला मी क्रमांकासह विचारले होते आणि त्याने संदेशात 250-111, वेज, हार्डन आणि ग्राइंड केलेला (कडक करून, घासून अचूक केलेला), असे स्पष्ट लिहून दिले होते. तो लेखी संदेश आज माझा सर्वांत मोठा आधार आहे. वस्तू मिळाल्यावर पैसे देण्याची सोय त्याने नाकारली आणि यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ घेतली.

पार्सल वरुडच्या कुरिअर कार्यालयात आले. ते उघडताना मुलाकडून सलग व्हिडिओ काढून घेतला. खोक्यावर 250-111 असा पांढरा स्टिकर होता, परंतु त्याचा एक कोपरा सुटलेला होता. तो नखाने हळूच उचलल्यावर खाली खोक्यावरच छापलेला 250-100 हा क्रमांक दिसला. आतला पोस्ट हातात घेऊन हँडल फिरवले, तेव्हा डव्हटेल जागचे हलले नाही आणि दोन्ही तोंडांच्या मधोमध पिस्टन पुढे आला. वस्तू कोणत्या प्रकारची आहे, याचा निकाल तेथेच लागला.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा टूल पोस्टसोबत येणारी टी-नट (पोस्ट लेथवर आवळून धरणारी नट) म्हणजे जाड पोलादाचा नुसता चौकोनी ठोकळा असतो, कारण प्रत्येक लेथच्या कंपाउंड स्लाइडचा (टूल पोस्ट जिच्यावर बसतो त्या सरकत्या भागाचा) टी-स्लॉट, म्हणजे टी आकाराची खाच, वेगळ्या मापाचा असतो आणि आपल्या स्लॉटप्रमाणे तो ठोकळा मिलिंग करून किंवा कानशीने घासून उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे बसवून पाहायचे तर ठोकळा कापायला हवा, आणि ठोकळा कापला की विक्रेता म्हणणार, माल वापरला, आता परत घेणार नाही. फसवणूक करणाऱ्यांचा सारा डाव या ठोकळ्यावर उभा असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यामुळे आलेल्या ठोकळ्याला हात न लावता माझ्याकडील माइल्ड स्टीलच्या तुकड्यातून दुसरी टी-नट तयार करून मी चाचणी घेतली. अशी नट स्वतः करणाऱ्यांनी एक पथ्य जरूर पाळावे. स्टडचे (पोस्टमधून टी-नटमध्ये जाणाऱ्या आटेदार दांड्याचे) टोक नटच्या खालून बाहेर येऊन स्लॉटच्या तळाला टेकता कामा नये. ते टेकले, तर वरचा नट आवळताना टी-नट वर उचलली जाते आणि बिडाच्या स्लॉटच्या ओठाला तडा जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी टी-नटचे आटे तळापर्यंत काढायचे नाहीत, किंवा शेवटचा आटा ठोकून बंद करायचा.

पोस्ट बसवल्यावर होल्डरमधल्या टूलच्या टोकाला डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावला, शून्य केला आणि होल्डर काढून पुन्हा बसवला. चांगल्या पोस्टमध्ये हा फरक 0.01 ते 0.02 मिमीच्या आत राहतो. येथे काटा 0.12 मिमीपर्यंत सरकला, तोही कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या. डव्हटेलला मार्किंग ब्लू (पृष्ठभाग कोठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून होल्डर आवळला आणि काढला, तर निळा रंग फक्त वरच्या टोकाला एका ठिपक्याएवढा लागला होता, म्हणजे बाकीची तिरपी बाजू होल्डरला टेकतच नव्हती. ग्राइंडिंग झाल्याचा दावा त्या निळ्या ठिपक्याने खोटा ठरवला.

हे सारे फोटो-व्हिडिओ पाठवल्यावर विक्रेत्याने आधी वेज आणि पिस्टन एकच असल्याचे सांगितले, मग टी-नट कापल्यामुळे माल वापरलेला ठरतो असे लिहिले. अखंड ठोकळ्याचा फोटो पाठवताच त्याने उत्तरे देणे थांबवले. परत करण्याचा मार्ग बंद झाल्यावरच मी पोस्टच्या तळाला नवी कानस लावली. कडक केलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते. येथे ती सहज बसली आणि बोटांना काळा भुगा लागला. पोलादाचा कीस चकचकीत निघतो, करड्या बिडाचा भुगा बोटे काळी करतो. वस्तू पोलादाचीही नव्हती.

त्यानंतर दुसऱ्याच क्रमांकावरून एका व्यक्तीचा फोन आला. आपण परतावा विभागातून बोलत असून पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतील, असे तिने गोड शब्दांत सांगितले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मी फोन बंद केला. अशा प्रकारे कोणाचे पैसे गेले असतील, तर त्यांनी क्षणाचाही विलंब न करता 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी थोपवण्याची संधी थोडाच वेळ असते.

बिल तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. जीएसटी क्रमांकाचे पंधरा अंक-अक्षरे असतात आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र 27, पंजाब 03, दिल्ली 07. विक्रेत्याने पत्ता पंजाबातील दिला होता आणि बिलावरील क्रमांक 07 ने सुरू होत होता. जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर नोंदणी रद्द झाल्याचे दिसले. बिलाची प्रत पैसे देण्यापूर्वी मागून ही तपासणी मोबाइलवर कोणालाही करता येते. तसेच बिलात 'लेथ ॲक्सेसरीज' एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर क्रमांक आणि प्रकार लिहून द्यायला सांगावे.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन विक्रेत्याकडे पाठपुरावा करते, पण तिला निकाल देण्याचा अधिकार नाही, त्यामुळे उत्तर न देणाऱ्या विक्रेत्यापुढे ती थांबते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली असून ती सध्या प्रलंबित आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता परराज्यातला असला, तरी आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. लेथ म्हणजे व्यवसाय, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा समोरून येऊ शकतो. मात्र घरगुती वापर आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेला स्वयंरोजगार यांना कायद्याने ग्राहकाच्या व्याख्येत जागा दिलेली आहे. गावोगावच्या वेल्डिंगवाल्या आणि लेथवाल्या बंधूंनी हे विशेष लक्षात घ्यावे.

माझ्या पोस्टच्या जाहिरातीतील फोटो अलीकडे दुसऱ्या नावाच्या खात्यावर पुन्हा दिसला आहे. त्यात होल्डर लावलेले असल्यामुळे डव्हटेल झाकले जाते. त्या फोटोवर विसंबू नये. रिकाम्या पोस्टचे हँडल फिरतानाचा आणि डव्हटेलची पट्टी सरकतानाचा व्हिडिओ आधी मागावा, आणि तो न मिळाल्यास पैसे पाठवू नयेत. ज्यांच्याकडे असा पोस्ट आधीच आला आहे, त्यांनी खोक्यावरील स्टिकर जसाच्या तसा ठेवून फोटो काढावा, टी-नटचा ठोकळा कापू नये आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत उलटण्यापूर्वी आयोगाकडे जावे.