तिसऱ्या रांगेतून पाहिलेली विनोदाची रात्र

जुळे सोलापुरातील एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी रात्री स्टँड-अपचा, म्हणजे एकेकट्याने माइकपुढे उभे राहून विनोद सांगण्याचा, कार्यक्रम होतो, हे आम्हा पती-पत्नींना भाच्याकडून कळले. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके पाहत ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांना कार्यक्रम म्हटला की पडदा, तीन घंटा आणि मध्यंतरातला बटाटेवडा एवढे तरी अपेक्षित असते. इथे यातले काहीच नव्हते. बुटक्या छताची खोली, साठेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, विटांसारखा दिसणारा कागद चिकटवलेली एक भिंत आणि तिच्यापुढे एक माइक, एवढाच सगळा थाट होता. तरीही खोली लहान असणे हेच या क्लबचे खरे भांडवल आहे, असे मला अर्ध्या तासातच वाटू लागले. मोठ्या नाट्यगृहात हसू पहिल्या रांगेत उमटून मागे पोचेपर्यंत विरते. इथे ते छताला आपटून पुन्हा आपल्याच डोक्यावर पडते, आणि न हसणारा माणूस लपून राहू शकत नाही.

तिकीट माणशी २०० रुपये आहे. वेळ आठची दिलेली होती आणि कार्यक्रम आठ चाळीसला सुरू झाला, म्हणजे सोलापूरच्या हिशेबाने फार उशीर झाला असे म्हणता येणार नाही. पहिल्या भागात ओपन माइक असतो आणि त्यात नवख्यांना प्रत्येकी पाच मिनिटे मिळतात. चार मिनिटे झाली की मागच्या भिंतीपाशी उभा असलेला आयोजक मोबाइलचा टॉर्च दाखवतो. आम्ही तिसऱ्या रांगेत असल्यामुळे तो प्रकाश पडल्यावर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय होते ते नीट दिसत होते. एका मुलाने तो टॉर्च पाहिला आणि उरलेले तीन विनोद एका दमात, ऑर्डर सांगणाऱ्या वेटरसारखे, उरकून टाकले. लोक त्या घाईलाच हसले, आणि ते पाहून त्याला स्वतःलाही हसू आवरले नाही.

दुसऱ्या भागाची सुरुवात मात्र थंड झाली. पुण्यात आयटीत नोकरी करणारा, मूळचा इथलाच एक तरुण वीस मिनिटे बोलला. त्याचा मेट्रो, फ्लॅटमालक, जिम, डेटिंग ॲप हा सगळा ऐवज मोबाइलवर शंभरदा ऐकलेला होता, आणि मुंबईच्या लोकलमधील गर्दीवरचा विनोद तर त्याने अशा श्रोत्यांपुढे केला ज्यांतल्या बहुतेकांनी दादरला कधी गाडी बदललेली नसेल. खरे तर पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसला बसून पुण्याला जाणारी आणि सणाला पिशवीभर शेंगा चटणी घेऊन परतणारी निम्मी पिढी त्या खोलीत होती. त्या डब्यातच त्याला वीस मिनिटांचे साहित्य मिळाले असते. त्याची शब्दांवरची पकड चांगली होती, फक्त तो दुसऱ्याच गावाशी बोलत होता.

त्याच्यानंतर पूर्व भागातला, यंत्रमाग चालवणाऱ्या घरातला एक मुलगा आला आणि खोलीचा नूरच पालटला. "आमच्या घरात गुपित असं काय नाहीच बे," असे म्हणून त्याने आरंभ केला. "खाली चार माग चालू, म्हटल्यावर 'मीठ दे' हेबी बोंबलूनच सांगायचं." मग त्याने सांगितले की एकदा त्याच्या आईने मावशीच्या नवऱ्याबद्दलचे आपले खासगी मत वडिलांना त्याच सवयीच्या आवाजात सांगायला घेतले, आणि नेमकी त्याच क्षणी वीज जाऊन माग थांबले. आई काय म्हणाली ते त्याने सांगितलेच नाही. माइक तोंडापासून खाली घेऊन तो दोन सेकंद गप्प उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "काका समोरच्या ओट्यावर च्या पीत बसले होते." या विनोदाची सगळी ताकद त्या दोन सेकंदांत आहे, कारण माग थांबल्यावर पडणारी शांतता ज्यांनी ऐकलेली आहे त्यांना ती खोलीतच ऐकू आली. माझ्या शेजारचे गृहस्थ टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे, होते. ते डोळे पुसत होते.

त्याच मुलाचा गल्लीतल्या कुत्र्यावरचा भाग मला याहून वरचढ वाटला. गल्लीत चार घरे चार भाषांची आहेत: त्याच्या घरात तेलुगू, समोर कानडी, कोपऱ्यावर मराठी आणि मशिदीकडच्या बाजूला दखनी उर्दू. कुत्र्याला बोलावताना एक जण "रा" म्हणतो, दुसरा "बा", तिसरा "ये" आणि चौथा "आ". हे चारही शब्द एकाक्षरी असून चारही एकाच वेळी कानावर पडतात, त्यामुळे ते बिचारे चौकात मधोमध बसून राहते आणि भाकरीचा तुकडा दिसेल ती त्याची मातृभाषा ठरते. हे पुण्या-मुंबईत सांगितले तर समजावून द्यावे लागेल. इथे चौथ्या अक्षराच्या आधीच हशा सुरू झाला. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी सोलापूरचेच, आणि मराठीबरोबर कानडी, हिंदुस्थानी व संस्कृत एकाच लावणीत गुंफण्याची करामत त्यांनी करून ठेवलेली आहे. या मुलाला ते ठाऊक असेल की नाही कोण जाणे, पण तो चालत होता त्याच वाटेने.

निवेदक हजरजबाबी आहे. दुसऱ्या रांगेतील एका बाईंचा फोन वाजला आणि त्या लगबगीने उठल्या, तेव्हा त्याने फक्त "पाणी आलं का, काकू?" एवढेच विचारले. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते तिथे हा प्रश्न पुरेसा होता. काकूंनी जिन्यावरूनच "हो बाबा, मोटार लावायचीय!" असे उत्तर दिले, आणि त्या रात्रीची सर्वांत मोठी टाळी त्यांनीच घेतली. मात्र हाच निवेदक पुढच्या रांगेत बसलेल्या एका जाड मुलाकडे तीनदा वळला, आणि तिसऱ्यांदा तो मुलगा हसला नाही. श्रोत्यांशी बोलणे हा या कलेचा भाग असला, तरी २०० रुपये देऊन आलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराचा हिशेब ऐकायचा नसतो, हे आयोजकांनी त्याला सांगायला हवे.

इतर उणिवा किरकोळ, पण त्रासदायक आहेत. खालच्या मजल्यावरचा मिक्सर नेमका पंचलाइनच्या वेळी घरघरतो. एप्रिलच्या उकाड्यात दोन कूलर पुरत नाहीत, आणि ते पूर्ण वेगात लावले की मागच्या रांगांना शब्द कळत नाहीत. शेंगा चटणी घातलेले सँडविच मात्र झकास होते. सौभाग्यवतींनी दोन मागवले आणि माझ्या वाट्यातले अर्धे धरून दीड खाल्ले.

जाणाऱ्यांनी साडेआठच्या आधी पोचण्याची घाई करू नये आणि पहिली रांग टाळावी. आम्ही पुढच्या महिन्यातील एका शनिवारसाठी पुन्हा तिसऱ्या रांगेतील खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत, अर्थात आमच्या भागात त्या दिवशी पाण्याचा वार नाही याची खात्री करूनच.