नव्याने बांधलेलं कार्ब्युरेटरचं इंजिन: सहा हजार किलोमीटरनंतर

आठ महिने झाले. इंजिन ऑइल पीत नाही, चोक ओढला की लगेच उचलतं. 'दोन हजार किलोमीटर हळूच चालवा' हा नेहमीचा सल्ला मात्र मला पटलेला नाही. पिस्टनच्या रिंगा बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) दाबून धरतो तो जळलेल्या गॅसचा दाब. लाडाने चालवलं तर तो पुरेसा तयारच होत नाही. होनिंगची जाळी (बोअर घासताना मुद्दाम ठेवलेले बारीक तिरपे ओरखडे) गुळगुळीत होते, बोअरवर काचेसारखा थर चढतो आणि निळा धूर मुक्कामाला येतो. म्हणून साधं मिनरल ऑइल, तिसरा गिअर, ताशी ४० ते ७० किलोमीटर अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर, मग पाय काढून परत ४०. असं दहा-बारा वेळा. सिंथेटिक ऑइल नंतर.

पहिली वीस मिनिटं कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची). टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला रेटणारे भाग) सपाट बुडाचे असतील तर आयडलिंगवर सोडायचं नाही, कारण कॅमला ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळतं. सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएम, तेही खालीवर करत. जस्त जास्त असलेलं ऑइल वापरा. स्टार्टर घरघरवत बसायची वेळ येऊ नये, म्हणून ऑइल प्रेशर, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधीच जमवून ठेवा. तापमान चढलं तर बंद करा. राहिलेली मिनिटं थंड झाल्यावर. लगेच ऑइल-फिल्टर बदला, पुढचं ८०० किलोमीटरला. जुना फिल्टर कापून बघा: राखाडी चमक चालते, चुंबकाला चिकटणारे कपचे नाही.

नंतरच्या कुरबुरींत बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर आळ येतो. पिकअप गेला, इंजिन तापू लागलं, की लोक जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) बदलायला धावतात. आधी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) बघा. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला भराभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. टाचेजवळ डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर ग्रीसचा पुसटसा थर नसेल तर आणखी लवकर. म्हणून ५०० किलोमीटरला आधी गॅप, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेलं काम फुकट, कारण गॅप हलवला की टायमिंग हलतं. टायमिंग लाइट लावताना डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून बुजवा (बहुतेक गाड्यांना हेच सांगितलेलं असतं).

आयडलिंग डगमगतं आणि मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा) फिरवूनही फरक पडत नाही? कार्ब्युरेटरच्या बुडाशी किंवा मॅनिफोल्ड गॅसकेटला हवा ओढली जातेय. पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. नट करकचून आवळू नका, फ्लँज वाकते. गळती कुठेच नसेल तर मिक्श्चर स्क्रू हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर, तिथून गरम इंजिनवर जुळवा. पाय दाबताच कार्ब्युरेटरमधून फटकन आवाज आला तर ॲक्सलरेटर पंपची पेट्रोलची धार बघा.

गॅसकेट उत्पादकाने सांगितलं असेल तरच हेडचे बोल्ट थंड इंजिनवर पुन्हा टॉर्क करा, आणि त्यानंतर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) जुळवा.

धूर उतारावर पाय काढून पुन्हा दाबताना आला तर व्हॉल्व्हचे सील; चढावर सतत आला तर रिंगा. खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, थ्रॉटल पूर्ण उघडून. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घातल्यावर आकडा चढला, तर दोष रिंगांचा.