लशीच्या ॲलर्जीनंतर: ॲलर्जी विभागातील सेवेचा अनुभव

एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या) लशीची पहिली मात्रा घेतल्यावर माझ्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि छातीत घरघर सुरू झाली. ज्या दवाखान्यात लस घेतली होती, तिथे केसपेपरवर ‘लशीची ॲलर्जी’ एवढाच शेरा मारून यापुढे कोणतीही लस न घेण्याचा सल्ला देण्यात आला. पुढे ज्या ॲलर्जी विभागात मला पाठवले गेले, तिथल्या सेवेविषयी हे सविस्तर लिहीत आहे, कारण असा सरसकट शेरा घेऊन आयुष्य काढणे योग्य नाही, हे मला तिथेच पटले.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी कोणतीही तपासणी करण्याआधी बारकाईने प्रश्न विचारले. टोचल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, आधी खाज आली की घेरी, नाडी कशी होती, हे सारे त्यांना हवे होते. भीतीने घेरी येते तेव्हा माणूस पांढराफटक पडतो, नाडी मंदावते आणि आडवे झाल्यावर बहुधा लवकर बरे वाटते. तीव्र ॲलर्जीत मात्र गांधी, सूज, घरघर आणि जलद नाडी दिसते व रक्तदाब घसरू शकतो, असे त्यांनी समजावले. अशा वेळी पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिन होय. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, पण बंद होत चाललेला श्वास मोकळा होत नाही. हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते.

त्वचेच्या चाचणीत लशीसोबत तिच्यातील जिलेटिनचीही (लस टिकवण्यासाठी घातलेल्या प्राणिज प्रथिनाची) स्वतंत्र चाचणी झाली. उठलेल्या फुगवट्यांभोवती परिचारिकेने पेनाने रेघ ओढली आणि ती पारदर्शक चिकटपट्टीवर उतरवून माझ्या फाइलमध्ये लावली. जिलेटिनचा फुगवटा ठळक होता, म्हणजे ॲलर्जी जिलेटिनची होती. जिलेटिन नसलेली लस तेव्हा उपलब्ध नसल्याने दुसरी मात्रा टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले: आधी दहापट विरळ केलेल्या लशीचे 0.05 मिलि, मग मूळ लशीचे 0.05, 0.1, 0.15 आणि 0.2 मिलि, प्रत्येक वेळी 15 मिनिटांच्या अंतराने. हातात सलाइनची सुई आधीच लावलेली होती आणि ॲड्रिनॅलिन उशाशी तयार होते. मधल्या एका टप्प्यावर हातावर गांध उठली, तेव्हा घाई न करता त्यांनी रक्तदाब व श्वास तपासला, जास्त वेळ थांबून मगच पुढे गेले. त्या थांबण्याने मला फार धीर आला.

नियोजनात मात्र मोठी त्रुटी आहे. चाचणीपूर्वी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ही सूचना वेळ ठरवताना दिली जात नाही. त्यामुळे माझी एक खेप वाया गेली. हे एका छापील कागदाने सहज टळेल.

घरी सोडताना ॲड्रिनॅलिनचे पेन (स्वतःच टोचून घ्यायचे तयार इंजेक्शन) कपड्यांवरूनही मांडीत कसे टोचायचे, याचा नकली पेनवर सराव करून घेतला. पेन वापरले तरी रुग्णालयात यायचेच, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो, हे बरोबर आलेल्या माझ्या बहिणीलाही बजावले. शेवटी मिळालेल्या पत्रात ‘लशीची ॲलर्जी’ असे मोघम न लिहिता जिलेटिनचा स्पष्ट उल्लेख आहे आणि जिलेटिन नसलेल्या लशी नेहमीप्रमाणे घेता येतील, असेही नमूद केले आहे.