गाविलगड की नरनाळा: लेकरांना गोष्ट कुठे सांगावी?

शाळेतल्या लेकरांना गडावर नेऊन गोष्ट सांगायची, तर गाविलगड की नरनाळा? दोन्ही मेळघाटाच्या डोंगरात, दोन्हींची पडझड झालेली.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाकडे गोष्ट तयारच आहे. डिसेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं डोंगरातून तोफा ओढत उत्तरेच्या अंगाला आणल्या, बाहेरचा तट फोडला. पण आतल्या किल्ल्याची भिंत शाबूत! तिला शिड्या लावून शिपाई चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. १५ तारखेला गड पडला, नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह लढाईत मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावला भोसल्यांचा इंग्रजांशी तह. फुटक्या तटासमोर उभं राहून हे सांगितलं की दंगेखोर लेकरंही गप्प होतात.

नरनाळ्यावर अशी एकसलग लढाई हाताशी नाही. तिथं वस्तूच बोलतात: महाकाली दरवाजावरचे कोरीव लेख, पाण्याची तळी, नऊगजी तोफ. ‘एवढी तोफ वर चढवली कशी?’ हा प्रश्न लेकरांकडं टाकायचा आणि आपण डबा उघडायचा.

पहिल्यांदा नेणार असाल तर गाविलगडच. नरनाळा सातवी-आठवीला, तोही हिवाळ्यात. दगड तापले की गोष्ट ऐकतो कोण?