जुनाट कंबरदुखी: मणका बसवून घ्यावा की व्यायामाला लागावे?

कंबरदुखीला बारा आठवडे होऊन गेले की ती जुनाट समजली जाते, आणि साधारण याच सुमारास घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते, ‘कुणाकडून तरी मणका बसवून घे’. दुसऱ्याचे, ‘फिजिओथेरपीला जा, व्यायाम कर.’ माझ्या थोरल्या वहिनींच्या बाबतीत हेच झाले. डोंबिवलीहून दादरपर्यंत लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून प्रवास केल्यावर, उतरण्याआधी दांडा धरून त्यांना कंबर हळूहळू सरळ करावी लागे. त्यांच्यासाठी दोन्ही उपचारांची जी माहिती मी पडताळून पाहिली, ती याच पेचात असलेल्या इतरांसाठी मांडत आहे.

मणका बसवणे म्हणजे मॅनिप्युलेशन, आणि ते मालिशपेक्षा वेगळे आहे. रुग्णाला कुशीवर झोपवून वरचा गुडघा पोटाकडे घेतात, एक हात खांद्यावर आणि दुसरा कमरेखाली ठेवून सांधा हालचालीच्या टोकापर्यंत नेतात आणि तिथे एक छोटा, झटपट दाब देतात. पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज होतो. बोटे मोडताना होतो त्याच जातीचा हा आवाज असून तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना येतो. मणका जागेवर बसल्याची ती खूण नव्हे, कारण सामान्य कंबरदुखीत मणका जागेवरून हललेलाच नसतो. ‘मणक्यात गॅप आली आहे’ हे वाक्यही मनावर फार घेऊ नये. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे सीटी-एमआरआय स्कॅन तपासले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या होत्या.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे आणि त्याने बरे वाटल्याचे अनेक जण मनापासून सांगतात. उसण मात्र बहुतेक वेळा काही दिवसांत आपणहून उतरते. महिनोन् महिने ठाण मांडून बसलेल्या दुखण्याला तो अनुभव लावता येत नाही, म्हणून चाचण्यांकडे पाहावे लागते.

२०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ४७ चाचण्यांचा आणि ९,२११ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीत मॅनिप्युलेशनचा परिणाम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या जवळपास बरोबरीचा आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे हा उपचार भोंदूपणा नाही आणि चमत्कारही नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, आधी मॅनिप्युलेशन आणि मग व्यायाम असा क्रम मिळालेल्यांना तीन महिन्यांनी मध्यम प्रमाणात फायदा दिसला. वर्षअखेरीस तो थोडा उरला होता. ब्रिटनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे तर मॅनिप्युलेशन केवळ व्यायामाच्या जोडीनेच द्यावे असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही उपचारांना स्थान दिले, पण कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे, म्हणजे ट्रॅक्शन, नित्याने वापरू नये असे सुचवले. आपल्याकडे हे दोन्ही किती सर्रास दिले जातात ते पाहता याची दखल घ्यायला हवी.

परिणाम बरोबरीचा असेल, तर निवड इतर गोष्टींवर ठरते. मॅनिप्युलेशनने कधी कधी त्याच दिवशी मोकळे वाटते, मात्र जवळपास निम्म्या रुग्णांना एखाददोन दिवस अंग ठणकल्यासारखे वाटते. प्रत्येक खेपेला पैसे आणि प्रवास आहेच. गर्दीच्या लोकलमधून कंबर सांभाळत उपचाराला जायचे आणि तसेच परत यायचे, हाही खर्चच आहे. व्यायाम सावकाश गुण देतो, पहिले काही आठवडे धीर सुटतो, पण एकदा नीट शिकला की तो घरी, फुकट आणि कायम करता येतो.

यापैकी काहीही ठरवण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे किंवा पावलातली ताकद जाणे ही लक्षणे असतील, तर थेट रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारे दुखणे ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. मुंबईत तो दुर्मीळ नाही आणि पोखरलेल्या मणक्यावर झटका देणे घातक ठरू शकते. हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही यापासून लांब राहावे. कमरेसाठी गेलेल्या माणसाने मान मोडू देऊ नये, सलूनमध्ये चंपीनंतर तर नाहीच. मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका लहान असला तरी त्याचे परिणाम गंभीर असतात.

माझ्या मते व्यायाम हाच मुख्य उपचार धरावा. दुखण्यामुळे तो सुरूच करता येत नसेल, तर राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून मोजक्या खेपा मॅनिप्युलेशन घ्यावे आणि त्याच खेपांत व्यायाम शिकून घ्यावा. वीस खेपांचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नये. वहिनींनी पाच खेपा घेऊन ते थांबवले; व्यायाम मात्र सकाळी डबे भरण्याआधी, ओट्याला धरून, आजही चालू आहेत.