पळताना मधेच थांबणारं स्मार्टवॉच: होळीपासून गड्ड्यापर्यंतचा अनुभव

होळीच्या आधी घेतलेलं घड्याळ आहे आणि आता गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा, पण उठला, म्हणजे एक अख्खा उन्हाळा, पावसाळा आणि आपल्या सोलापूरला पडते तेवढी थंडी एवढं सगळं त्याने काढलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. चार दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यू वाचूनच मी पण घेतलं होतं, त्यात स्क्रीन किती ब्राइट आणि डबा किती भारी हेच जास्त. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं रडगाणं हेच आहे. माझं दहा-बारा हजारांच्या गटातलं, गोल डायल, स्वतःचं जीपीएस, उजव्या बाजूला दोन बटणं.

रडगाणं काय, तर पळताना रेकॉर्डिंग मधेच बंद. मी जुळे सोलापूरला राहते, त्यामुळे सकाळी विजापूर रोडला संभाजी तलावाकडे जाते, आणि घरी येऊन बघावं तर आठ किलोमीटरच्या जागी सव्वातीन. कधी नकाशावर अर्धीच रेघ, कधी वेळ बरोबर आणि अंतर कमी, कधी तर रनच गायब. ज्याला हाफ मॅरेथॉनची तयारी करायचीय त्याला हे किती लागतं ते पळणाराच जाणे, बाकी घरातले म्हणतात पळालीस ना, मग झालं की.

सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, एकदा रिसेट मारा की ओ, होतंय सगळं." मारला रिसेट. त्याने एकच झालं, बंद करून ठेवलेलं ऑटो पॉज (वेग कमी झाला की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारं सेटिंग) परत चालू झालं आणि घड्याळ आधीपेक्षा जास्त थांबायला लागलं. आणि हो, रिसेट मारायच्या आधी किंवा ॲपमधून घड्याळ काढून टाकायच्या आधी सगळे रन फोनवर सिंक करून घ्या, घड्याळात पडून राहिलेलं रिसेटमध्ये जातं ते परत येत नाही. हे त्या पोराने सांगितलं नव्हतं, नशिबाने मला आधीच माहीत होतं.

मग मी एक वही घातली. यूट्यूबवर प्रत्येक जण दहा-दहा सेटिंग एकदम बदलायला सांगतो, त्याने चुकून बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. वहीत एवढंच, की रेकॉर्डिंग कुठे थांबलं, त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं आणि अंगावर काय होतं. हे शेवटचं वाचून नवरा हसला होता, पण उत्तर तिथेच सापडलं, पुढे येईलच.

आधी हे बघा की तुमचं घड्याळ नेमकं कशात अडकतंय. स्क्रीनवर पॉज दिसत असेल तर कुणीतरी पॉज केलंय, एकतर तुमच्या हाताने, नाहीतर घड्याळाने स्वतःच. रन अर्ध्यात संपून सेव्ह झाला असेल तर बटण किंवा टच दाबला गेलाय. वेळ पूर्ण आहे पण अंतर कमी असेल तर जीपीएसचं प्रकरण. आणि घड्याळात सगळं नीट आहे पण फोनच्या ॲपमध्ये नाही, तर घड्याळाला शिव्या घालू नका, ते सिंकचं दुखणं आहे. निम्मे लोक इथेच गोंधळतात, फोनमध्ये दिसलं नाही की रेकॉर्डच झालं नाही म्हणतात.

माझ्याकडे उन्हाळ्यात काय व्हायचं, तर पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त आणि मग पॉज. मला वाटायचं सॉफ्टवेअर गंडलंय. वहीत बघितल्यावर कळलं की थंड हवेच्या सकाळी होत नाही, घामाने हात चिंब झाला की होतं. टचस्क्रीनला बोट आणि घामाचा ओघळ यातला फरक दर वेळी कळत नाही, कारण बोट टेकलं की स्क्रीनवरच्या विजेत होणारा बदल ती ओळखते आणि खारं पाणी पण वीज वाहून नेतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, सहा वाजता सुद्धा पळताना कोपरापासून धार लागते, ती बरोबर स्क्रीनवर, आणि स्क्रीनवर पॉजचं मोठं गोल बटण तयारच असतं. पावसाळ्यात तेच काम पावसाच्या थेंबांनी केलं. उपाय एका ओळीचा आहे, रन सुरू केला की टच लॉक करा. काही घड्याळांत वॉटर लॉक म्हणून असतं, काहींत वर्कआउटच्या सेटिंगमध्येच ऑटो लॉक असतं. माझ्यात ते तीन मेन्यू आत दडवून ठेवलंय, का ते कंपनीलाच माहीत. हे केल्यावर उन्हाळ्यातला त्रास जवळजवळ संपला.

जवळजवळ म्हणतेय कारण तरीही मधेच रन संपून सेव्ह व्हायचा, आणि इथे "अंगावर काय होतं" हा रकाना कामाला आला. त्या त्या दिवशी डाव्या हातात बांगड्या होत्या. घड्याळ डाव्या हातात घातलं की त्याची बटणं पंजाकडे येतात, बांगड्या पण तिथेच, आणि पळताना हात वरखाली झाला की काचेच्या चार बांगड्या खालच्या बटणावर आपटत राहतात. वर मनगट मागे वाकलं की पंजाची मागची बाजू पण दाबते. हे कुठल्याच रिव्ह्यूत नाही कारण रिव्ह्यू करणारे सगळे बापे! लग्नसराईत तर डाव्या हातात डझनभर असतात. आता पळताना बांगड्या फक्त उजव्या हातात, सासूबाईंनी एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत. ज्यांना डाव्या हातातल्या काढायच्या नाहीत त्यांनी सेटिंगमध्ये बटणांची दिशा बदलता येते का बघा, मग घड्याळ उलटं फिरवून बटणं कोपराकडे करता येतात. शिवाय बऱ्याच घड्याळांत रन संपवायला बटण दाबून धरावं लागेल असं करता येतं, ते नक्की करा, नुसत्या धक्क्याने मग संपत नाही.

थंडीत तिसरीच गंमत. डिसेंबरात जॅकेट घालून पळायला लागले, बाही वर करून घड्याळ बघायचा कंटाळा म्हणून घड्याळ बाहीवरून बांधलं, आणि झालं, दर दोन मिनिटांनी पॉज. कारण घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकून परत किती येतो ते मोजतो, रक्त जसं कमीजास्त होतं तसा उजेड बदलतो, त्यावरूनच नाडी कळते. कापडावरून त्याला नाडी मिळत नाही, मग त्याला वाटतं बाईने घड्याळ काढून ठेवलं, आणि ते स्वतःला लॉक करून रेकॉर्डिंग थांबवतं. हेच उन्हाळ्यात घामोळं येतं म्हणून पट्टा ढिला ठेवणाऱ्यांना पण होतं. पळण्यापुरतं मनगटाच्या हाडापासून बोट-दोन बोटं वर सरकवून एक भोक घट्ट करा, आल्यावर ढिलं करा. मनगट ओळखायचं सेटिंग बंद पण करता येतं, पण मग काही घड्याळांत पेमेंट किंवा स्क्रीन लॉक चालत नाही, ते बघून घ्या.

म्हणजे बघा, ऋतू बदलला की थांबायचं कारण बदलायचं आणि मी आपली तेच एक कारण शोधतेय. आणि यातली बरीचशी कारणं म्हणजे घड्याळाची हुशारीच आहे, आपोआप थांबा, आपोआप ओळखा, आपोआप बॅटरी वाचवा. या आपोआपच्या नादात साधं एक काम, सुरू केलेलं चालू ठेवणं, तेवढंच राहून जातं.

ऑटो पॉजचंच घ्या. वेग कमी झाला की थांबतं, वाढला की सुरू होतं, सिग्नलला उभं राहणाऱ्यांसाठी चांगलं. पण तलावावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, चार आजोबा हातात हात घालून अख्खा रस्ता अडवून चाललेले असतात, त्यांच्या मागे चाललं की पॉज, आणि परत पळायला लागलं तरी त्याला समजेपर्यंत वेळ जातो. झाडाखाली किंवा उंच इमारतींच्या मधे जीपीएस डगमगत असेल तर पळत असताना सुद्धा त्याला आपण उभेच वाटतो. गड्ड्याच्या वेळी याची पूर्ण परीक्षा झाली. ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो त्या दिवशी आम्ही नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीबरोबर चालतो, मिरवणूक दहा पावलं चालते आणि थांबते. माझ्यात ऑटो पॉज बंद होतं, सगळा दिवस रेकॉर्ड झाला. आमच्या पुतण्याच्या घड्याळात चालू होतं, त्याच्या हिशोबाने तो दिवसभरात पाऊण तास चालला!

आता अंतर कमी येण्याबद्दल. घरातून निघता निघता स्टार्ट दाबायची सवय असेल तर पहिला अर्धा किलोमीटर गेलाच म्हणून समजा. जीपीएसचे उपग्रह वीसेक हजार किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्याकडून माहिती येते ती सेकंदाला ५० बिट एवढ्या कासवगतीने, त्यामुळे उपग्रह नेमका कुठे आहे हे घड्याळाला आकाशातूनच ऐकायचं असेल तर नुसतं ऐकायलाच अर्धा मिनिट लागतो, मधे सिग्नल तुटला तर परत पहिल्यापासून. फोनशी सिंक केलं की ही माहिती इंटरनेटवरून आयती मिळते, पण ती शिळी होते. आठ-दहा दिवस सिंक केलं नाही की माझं घड्याळ गेटपाशी नुसतं गोल गोल फिरवत बसतं. म्हणून आदल्या रात्री सिंक, आणि सकाळी मोकळ्या आकाशाखाली उभं राहून जीपीएस लॉक झाल्यावरच, म्हणजे उपग्रह पकडल्यावरच, स्टार्ट. नवी पेठेतल्या गल्लीत उभं राहून लॉक व्हायची वाट बघू नका, तलावाच्या काठाला पटकन होतं.

बॅटरीचं पण एक आहे. रन झाल्यावर घड्याळ काढून स्कूटीच्या डिकीत टाकायचे आणि ऑफिसला जायचे, उन्हात डिकीची भट्टी होते. संध्याकाळी चार्जिंगला लावलं की घेतच नाही, कारण लिथियमची बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर तापलेली असेल तर चार्जिंग मुद्दाम अडवलेलं असतं. मग तशीच झोपायचे, सकाळी वीस टक्के, बॅटरी सेव्हर आपोआप चालू, आणि त्यात जीपीएस एकतर बंद किंवा अधूनमधूनच बघणार. वळणं सगळी कापली जातात आणि तलावाची फेरी कमी भरते. आता डिकी बंद आणि चार्जिंग आंघोळीच्या वेळेला.

माझ्या जाऊबाईंचं प्रकरण वेगळंच होतं. त्यांचं दोन-अडीच हजारांचं, त्यात स्वतःचं जीपीएस नाही, ते फोनचं वापरतं, फोन कमरेच्या पाऊचमध्ये. "अगं, मोबाईल पाऊचमध्ये टाकला की पाचव्या मिनिटाला बंदच पडतंय बघ, दुकानदाराने फसवलं मला." फसवलं नव्हतं. स्क्रीन बंद झाली की फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप मारून टाकतो, काही फोन तर फारच निर्दयीपणे. घड्याळाच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड (बंधन नाही) केलं आणि लोकेशनची परवानगी "वापरत असतानाच" होती ती "कायम" केली. अँड्रॉइड १० पासून ही दोन वेगवेगळी असतात आणि पहिल्यांदा विचारतात तेव्हा आपण घाईत पहिलंच दाबतो. फोनमध्ये लॉक-करून-ठेवा असा पर्याय असेल तर रिसेंट ॲप्समध्ये जाऊन तो पण करा. तेव्हापासून त्यांचं चालू आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या फोनच्या जीपीएसचा नकाशा माझ्या घड्याळापेक्षा सरळ येतो, तेवढं मी त्यांना सांगितलेलं नाही.

एवढं सगळं करून पण एक त्रास उरला होता. रविवारी तुळजापूर रोडने हिप्परग्याकडे लांब पळते, तिकडे तासाभराने घड्याळ स्वतःच रिस्टार्ट व्हायचं. याला सेटिंगचं औषध नव्हतं. शोधायला मी एकेक गोष्ट काढत गेले, आधी जीपीएस बंद ठेवून इनडोअर मोडवर तोच रस्ता पळाले, नाही झालं. मग जीपीएस चालू, ब्लूटूथ गाणी बंद, नाही झालं. दोन्ही चालू आणि बॅटरी अर्ध्याखाली, झालं! म्हणजे जास्त करंट ओढला की बॅटरी दम तोडत होती. पळायची पण गरज नाही, गच्चीवर खुर्ची टाकून जीपीएस आणि गाणी लावून बसले तरी तासाभरात रिस्टार्ट. त्याचा व्हिडिओ काढला, बिल बरोबर घेतलं आणि परत सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी रिसेट मारा म्हणायची सोय राहिली नाही, वॉरंटीत घड्याळ बदलून मिळालं, फक्त वाट बघायला लावली. तुम्हाला टोलवत असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवा, पण बिल आणि व्हिडिओ जवळ ठेवा.

बाकी रिव्ह्यू थोडक्यात. झोपेचं माप मी बघत नाही, मला कळतं मी झोपले की नाही. नाडी चालताना बरोबर, जोरात पळताना विश्वास नाही, कधी कधी १७२ वर चिकटून बसते आणि पावलांचा वेग बघावा तर तो पण १७२, म्हणजे नाडीऐवजी पावलंच मोजायलंय. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून पळणं) करणाऱ्यांनी नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा. रबराचा पट्टा घामाने चिरला, नायलॉनचा टाकलाय, तो धुता येतो. अपडेट आलं की सेटिंग एकदा उघडून बघायची, माझं ऑटो पॉज एकदा अपडेटनंतर पण गुपचूप चालू झालं होतं.

पुन्हा घेईन का? हेच मॉडेल सेलमध्ये असेल तर घेईन. पण ज्याला बटणच नाही, पॉज आणि शेवट दोन्ही फक्त टचवर, ते कितीही स्वस्त मिळालं तरी सोलापूरच्या घामात नको.