मुलांचा प्लास्टिकचा एएफओ: टाच बसली तरच पैसे वसूल

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल अवघड होणं) असलेलं मूल आधाराने उभं राहायला लागलं आणि चवड्यांवरच टेकतंय असं दिसलं, की फिजिओथेरपिस्ट एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस, म्हणजे घोटा आणि पाऊल धरणारा आधार) करून घ्यायला सांगतात. घरात त्याला स्प्लिंट म्हणतात, जुनी माणसं अजून कॅलिपर म्हणतात. पोटरीपासून बोटांपर्यंत पाय धरून ठेवणारा पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा साचा आणि तीन पट्टे, एवढीच वस्तू. दिसायला साधी असल्यामुळे पालक ती रंगावरून, त्यावरच्या चित्रांवरून किंवा किमतीवरून निवडतात. निवडायची ती टाचेवरून. टाच तळाला टेकत नसेल, तर बाकी काम कितीही सुबक असो, मुलाच्या पायाला आपण फक्त ओझं बांधलेलं असतं.

मेडिकलच्या दुकानात डब्यातून मिळणारा लहान-मध्यम-मोठा असा तयार स्प्लिंट मुळात पाऊल लुळं पडलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. ताठर पोटरीच्या मुलाला तो घातला की टाच वर सरकते, पाऊल आतल्या बाजूला खचतं आणि मूल स्प्लिंटच्या आतच चवड्यांवर उभं राहतं. स्वस्त पडला तरी घेऊ नका. घोट्याच्या जरा वर संपणारा एसएमओ ही वेगळी चीज आहे. स्नायू ढिले असलेल्या, पाऊल आत कलणाऱ्या मुलांना, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोमच्या मुलांना, तो चांगला उपयोगी पडतो. चवड्यांवर चालणं मात्र त्याने थांबत नाही.

खरा प्रश्न असतो सॉलिड की हिंज्ड. सॉलिड अखंड असतो, त्यात घोटा हलत नाही. हिंज्डमध्ये घोट्यापाशी सांधा असतो, त्यामुळे उठबस आणि जिना सोपा जातो. सगळ्यांना तोच हवा असतो. पण गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीशी काटकोनाच्या (९० अंशांच्या) वर निदान ५ अंश, खरं तर १० अंश, येत असेल तरच तो चालतो. हे तपासताना टाच हाताने किंचित आत वळवून धरायला हवी, नाहीतर पाऊल मध्ये वाकतं आणि घोटा वर आला असा भास होतो. पोटरी आखूड असताना हिंज दिला तर नेमकं हेच चालताना होतं: घोट्यात हालचाल मिळत नाही, म्हणून ती पावलाच्या मध्यातून चोरली जाते आणि कमान मोडते. गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलालाही हिंज्ड देऊ नये. नडगी पुढे कोसळायला वाव मिळतो आणि गुडघे अजूनच वाकतात. अशा मुलाला सॉलिडच हवा, आणि तोही खरोखर कडक.

सॉलिड कडक आहे की नाही ते त्याच्या कडांवर ठरतं. बाजूच्या कडा घोट्याच्या हाडांच्या पुढे आलेल्या असाव्यात. घालायला सोपं जावं म्हणून कारागीर त्या मागे कापतात, मग मूल उभं राहिल्यावर घोट्यापाशी प्लास्टिक बाहेर फुगतं आणि काही आठवड्यांत तिथे पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तडा जाण्याची सुरुवात. लहान मुलाला सहसा ३ मिलिमीटरची शीट पुरते, वजन वाढलं की ४, आणि जड, ताठर मुलाला ५. वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याच्या दोन बोटं खाली संपावी. तिथून वरवर नस जाते. ती दाबली गेली तर पाऊल उचलण्याची ताकदच कमी होते.

माप घेण्याच्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हजर असेल तर निम्मं काम तिथेच झालं. कागदावर पायाची बाह्यरेषा काढून आणि टेपने मोजून एएफओ होत नाही. पायावर पीओपीचा साचाच घेतला पाहिजे. स्कॅनर वापरत असतील तरी पाऊल कोणीतरी हाताने योग्य स्थितीत धरलेलं असावं लागतं. आधी मोजा चढवतात, घोट्याची हाडं आणि बाकीचे उंचवटे पेन्सिलीने खुणावतात, मग ओल्या पट्ट्या गुंडाळून त्या घट्ट होईपर्यंत टाच सरळ आणि पुढचा पंजा सपाट धरून ठेवतात. मूल त्या वेळात रडलं, पाय ताठ केला, तर साचा बिघडतो. म्हणून भुकेल्या किंवा झोपेला आलेल्या मुलाला नेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. साचा बहुतेक वेळा गुडघा वाकवून घेतात, कारण तसं केल्यावर पोटरी सैल पडते आणि पाऊल सहज ९० अंशांवर येतं. स्प्लिंट ९० अंशांचा तयार होतो. मग मूल गुडघा सरळ करून उभं राहतं, पोटरी ताणली जाते आणि टाच बाहेर येते. दोष मुलाचा नसतो, पट्ट्याचाही नसतो. गुडघा सरळ असताना पाऊल जिथपर्यंत येतं तो कोन धरून स्प्लिंट करायचा आणि उरलेली फट स्प्लिंटच्या टाचेखाली बाहेरून पाचर लावून भरायची, म्हणजे नडगी किंचित पुढे झुकते. साधारण १० ते १२ अंशांचा झुकाव बहुतेक मुलांना मानवतो. स्प्लिंटचा कोन वेगळा आणि नडगीचा झुकाव वेगळा, हे ज्या केंद्रात समजावून सांगतात तिथे काम नेटकं होतं असं समजायला हरकत नाही. पोटरी सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा दर आठवड्याला बदलायचं प्लास्टर ठरलेलं असेल, तर माप ते संपल्यावरच द्या. आधी दिलेलं माप वाया जातं.

ताब्यात घेताना घाई करू नका. मुलाला खुर्चीवर बसवा, गुडघा वाकवा, आधी टाच मागे आणि खाली दाबून बसवा. मग घोट्यावरचा तिरपा पट्टा लावा. तो समोरून ४५ अंशांत, टाचेच्या दिशेने ओढणारा असला पाहिजे. आडवा असेल तर तो टाच धरत नाही. त्यानंतर पंजाचा, शेवटी पोटरीचा. बहुतेक घरांत पोटरीचा पट्टा पहिला लावतात आणि पाय वरच अडकतो. टाच बसली का, हे पाहायला टाचेखाली कागदाची अरुंद पट्टी ठेवा, मुलाला उभं करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर टाच टेकलेली नाही. टाचेच्या मागे छोटं भोक पाडून द्यायला सांगितलं तर रोज नुसतं बघून कळतं.

नंतर अर्धा तास वापरून तिथेच काढून बघा. लाल खुणा २० ते ३० मिनिटांत गेल्या तर ठीक. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून बोट फिरवून ऊब आणि कडकपणा जाणवतो का ते पाहा. घोट्याची हाडं, टाचेचा मागचा भाग, पावलाच्या आतल्या कडेचं हाड आणि करंगळीचं मूळ, ही नेहमीची दुखरी ठिकाणं. टोचतंय म्हणून आत कापूस किंवा कापडाची घडी घालू नका, दाब वाढतो. केंद्रात हीट गनने तेवढीच जागा फुलवून देतात. घरी गॅसवर प्लास्टिक तापवणं तर मुळीच नको. स्पायना बिफिडाच्या (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) मुलाला पायाची जाणीव कमी असते, ते तक्रार करणारच नाही. त्याचा पाय सुरुवातीला दर तासाला उघडून बघावा लागतो.

पहिल्या दिवशी तासभर, मग ७ ते १० दिवसांत वाढवत शाळेच्या वेळेपर्यंत. दिवसभर मात्र नको. सॉलिड एएफओ घालून उकिडवं बसता येत नाही, जमिनीवरून उठणं अवघड होतं, आणि आपल्या घरातलं मुलाचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. जेवण, खेळ, रांगणं हे अनवाणीच होऊ द्या. उभं राहणं, चालणं, स्टँडिंग फ्रेम (उभं राहायला आधार देणारी चौकट), शाळा यांसाठी स्प्लिंट. तो घालून स्टुलावरून उठबस करून घ्या: गुडघे ९० अंशांत, तळवे टेकलेले, ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. ताकद या कामाने येते, प्लास्टिकने नाही. आणि खुबा सांध्यातून सरकण्यापासून एएफओ वाचवत नाही. आधाराशिवाय न चालणाऱ्या मुलाचा खुब्याचा एक्स-रे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी काढायलाच हवा.

लादीवर नुसता स्प्लिंट घसरतो. घरात वापरायचा असेल तर तळाला रबरी सोल चिकटवून घ्या. शाळेसाठी पुढपर्यंत उघडणारा, वेल्क्रोचा, खोल बूट, नेहमीपेक्षा एक-दोन नंबर मोठा, आतला सुखतळा काढून. आत गुडघ्यापर्यंतचे शिवण नसलेले सुती मोजे, आणि उन्हाळ्यात दप्तरात दुसरा जोड. पावसाळ्यात प्लास्टिकला काही होत नाही, पण पट्टे आणि आतला फोम ओले राहिले की वास येतो आणि कातडी सोलवटते. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा, पकड परत येते.

पैशांबद्दल एवढंच: किंमत विचारताना दोन-तीन दुरुस्त्या त्यात धरल्या आहेत का ते विचारा, कारण पहिल्याच दिवशी अचूक बसलेला स्प्लिंट क्वचितच असतो. बनवणारे ऑर्थोटिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणीकृत असावेत. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत हे काम होतं. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र) चौकशी करा. केंद्र सरकारच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या एडीआयपी योजनेत ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट आहे. मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी मिळतं, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र वर्षाने. वाढत्या पायाला ही सवलत फार मोलाची आहे, कारण पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा स्प्लिंट ६ ते ९ महिन्यांत लहान होतो. बोटं कडेबाहेर येतात, घोट्याची हाडं त्यांच्यासाठी केलेल्या फुगवट्याच्या वर सरकतात.

लहान झालेला स्प्लिंट दुसऱ्या मुलाला देऊ नका, तो त्याच्या पायाचा नाही. टाकूनही देऊ नका. नव्या मापाला जाताना बरोबर न्या: आतला फोम कुठे चेपलाय, कुठे घासून चकचकीत झालाय, पट्टा कोणत्या बाजूने ताणलाय, हे पाहून ऑर्थोटिस्टला पाय कुठे निसटत होता ते कळतं.